‘३२ जीबी रॅम आहे, मग स्वॅप कशाला?’

स्वॅप म्हणजे रॅममधला मजकूर गरजेला हलवून ठेवायला सहसा डिस्कवर राखलेली जागा. लिनक्स टाकताना हमखास मिळणारा सल्ला: ‘रॅम १६-३२ जीबी असेल तर स्वॅप शून्य ठेवा. स्वॅपने मशीन मंदावतं, एसएसडी झिजते, आणि रॅम भरलीच तर कर्नल (लिनक्सचा गाभा) एखादा जड प्रोग्राम मारून मोकळा होतो.’ ऐकायला पटतं. मीही दोन वर्षं तसंच चालवलं.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण खरं नुकसान तिथे होतं. माझ्या ३२ जीबीच्या मशीनवर दोन व्हर्च्युअल मशीन आणि ब्राउझर चालू असताना मी एक मोठं कंपाइल लावलं. ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की प्रोग्राम मारणारा कर्नलचा भाग, काही धावून आला नाही. माउसचा बाण जागीच अडकला, डिस्कचा दिवा एकसारखा पेटलेला. वीस मिनिटं वाट पाहून शेवटी बटण दाबून धरलं. न साठवलेलं सगळं गेलं. स्वॅपच नव्हता, मग डिस्क कशासाठी धडपडत होती? प्रोग्रामचा कोड फाइलमधून आलेला असतो, त्यामुळे तो रॅममधून टाकून पुन्हा वाचता येतो. प्रोग्रामने चालताना मागून घेतलेल्या मेमरीची मात्र डिस्कवर प्रत नसते. स्वॅप नसला की ती हलवायला जागाच नाही. मग कर्नल चालू कोडचीच पानं (मेमरीचे छोटे तुकडे) टाकतो आणि पुढच्या क्षणी तीच परत वाचतो. सकाळपासून हात न लावलेला टॅब रॅममध्ये ठाण मांडून बसतो, आणि हातातलं काम अडतं.

मंदावण्याचं म्हणाल तर, ‘फ्री’ (free) या मेमरी दाखवणाऱ्या कमांडमध्ये स्वॅप वापरलेला दिसला म्हणून घाबरू नका. टर्मिनलमध्ये ‘व्हीएमस्टॅट १’ (vmstat 1) लावून ‘एसआय’ (si, स्वॅपमधून परत येणारं) आणि ‘एसओ’ (so, स्वॅपमध्ये जाणारं) हे रकाने पाहा. ते शून्याजवळ असतील तर पडून राहिलेली पानं बाहेर गेलीत, एवढंच. सतत मोठे आकडे दिसले तर रॅमच कमी पडतेय.

एसएसडी लिहिण्याने झिजते हे खरं, पण रॅम भरपूर असताना स्वॅपवर लिहिलं जातं ते थोडंच. तरी घोर वाटत असेल तर झेडरॅम घ्या; तो पानं दाबून (कॉम्प्रेस करून) रॅममध्येच ठेवतो. फेडोरा या लिनक्समध्ये २०२०च्या ३३व्या आवृत्तीपासून तोच मुळात चालू असतो.

मग किती ठेवायचा? ‘रॅमच्या दुप्पट’ हा मेगाबाइटांच्या काळातला नियम. ३२ जीबीसाठी ६४ जीबी अडवू नका. रोजच्या कामाला मी ४ ते ८ जीबीची स्वॅप फाइल ठेवतो. पार्टिशनला हात न लावता ती पुढे वाढवता येते. हायबरनेट (रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून मशीन पूर्ण बंद करणं) हवं असेल तर रॅमइतकी जागा धरा, आणि तीही डिस्कवरच: वीज गेली की झेडरॅममधलं सगळं पुसलं जातं.