ऐंशीच्या आत एअरबॅग उघडली म्हणजे गाडी खराब नव्हे

उसाचा हंगाम सुरू झाला आणि रस्त्यावर ट्रॉल्या वाढल्या, की सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर एअरबॅगचा एक मेसेज परत फिरायला लागतो. वर ‘शोरूमवाले हे कधीच सांगणार नाहीत’ असा मथळा, खाली जोडलेले हात. मधला मजकूर थोडक्यात असा: एअरबॅग ८० च्या वर वेग असेल तरच उघडायला पाहिजे, सांगली-मिरज रोडला तीसच्या वेगात उघडली तर सेन्सर खराब, कंपनीकडून गाडी बदलून घ्या, बेल्ट लावला नसेल तर ती उघडतच नाही, पुढचा भाग चेचूनही उघडली नाही तर एअरबॅग डुप्लिकेट, आणि हा सगळा खर्च टाळायचा तर गावात फिरताना तिचा फ्यूज काढून ठेवा.

पाचही गोष्टी चुकीच्या आहेत, पण सारख्याच चुकीच्या नाहीत. दोनांत खऱ्याचा थोडा अंश आहे. शेवटची मात्र जिवावर बेतणारी आहे.

आधी ऐंशीचा आकडा. एअरबॅगचं कंट्रोल युनिट गाडीच्या मधोमध, गिअरच्या आसपास, फरशीच्या पत्र्याला घट्ट बोल्ट केलेलं असतं. बऱ्याच गाड्यांत पुढे रेडिएटरजवळही सेन्सर असतात. ‘उघडायचं की नाही’ हे ठरतं ते स्पीडोमीटरच्या काट्यावर नाही, तर गाडीचा वेग किती झटक्यात उतरला यावर. हिशेब करून बघा. ८० च्या वेगात कचकन ब्रेक दाबला तर गाडी तीसेक मीटरवर, अडीच-तीन सेकंदांत थांबते. अंगावर येणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या एक पटीच्या आतच राहतो. आता २५ च्या वेगात गाडी काँक्रीटच्या खांबावर घाला. पुढचा भाग ४० सेंटीमीटर दबला असं धरलं, तर वेग शून्यावर यायला सेकंदाचा जेमतेम दहावा भाग लागतो आणि सरासरी जोर सहा पट भरतो. एअरबॅगची गरज कुठे आहे, हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने दिलेला ढोबळ आकडा असा, की घट्ट भिंतीवर ताशी १३ ते २२ किलोमीटरने आदळण्याइतका धक्का बसला तर पुढच्या एअरबॅग उघडू शकतात. तेवढ्याच वजनाच्या उभ्या गाडीवर आदळलात तर वेग साधारण दुप्पट लागतो, कारण ती गाडीही मागे ढकलली जाते. ‘माझ्या मेहुण्याची पन्नासला उघडली नाही, शेजाऱ्याची तीसला उघडली’ या वादाचं उत्तर इथेच आहे. एकाने गाडी ठोकली, दुसऱ्याने भिंत. आणि तुम्ही अंकलीच्या पुलावर इंजिन चालू ठेवून उभे असाल, काटा शून्यावर असेल, आणि समोरून कोणी येऊन धडकला, तरीही एअरबॅग उघडू शकते. तिथे ऐंशीचं काय करायचं?

मग सेन्सर खराब असल्याचा आरोप. ‘बंपरला साधा ओरखडा आणि एअरबॅग बाहेर’ असे फोटो फिरतात. बंपरचं प्लास्टिक दबून परत जागेवर येतं. त्या प्लास्टिकच्या मागचा बीम किती वाकला ते फोटोत दिसत नाही. पण खरी गोम वेळेची आहे. धडक सुरू झाल्यापासून साधारण १५ ते ३० मिलिसेकंदांत युनिटला निर्णय घ्यावा लागतो, पिशवी फुगायला आणखी २०-३० लागतात. पापणी लवायलाही यापेक्षा जास्त वेळ जातो. म्हणजे निर्णय होतो तेव्हा धडक संपलेलीच नसते. पुढे ती किती वाढणार हे युनिटला सुरुवातीच्या झटक्यावरूनच ताडावं लागतं. संपेपर्यंत वाट बघितली तर डोकं स्टिअरिंगवर पोहोचलेलं असेल. त्यामुळे काही वेळा ती उघडते आणि नंतर वाटतं, नसती उघडली तरी चाललं असतं. दुभाजकाच्या कठड्यावर चाक चढणं, खोल खड्ड्यात गाडी आपटणं, दगडावर खालचा भाग बसणं, यानेही ती उघडू शकते. गाडीसोबतच्या पुस्तिकेत हे सहसा लिहिलेलं असतं. बाजूच्या एअरबॅग तर आणखी हळव्या असतात, कारण दार आणि तुमच्यात जागाच नसते.

खऱ्या बिघाडामुळे एअरबॅग कधी उघडतच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. २०१२ च्या अखेरीस अमेरिकेत जुन्या जीप लिबर्टी आणि ग्रँड चेरोकी मिळून सुमारे साडेसात लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या, त्या एअरबॅग विनाकारण उघडण्याच्या दोषापायीच. टाकाटा या जपानी एअरबॅग कंपनीचं गाजलेलं प्रकरण वेगळं. तिथे वेळ चुकत नव्हती. दमट-उष्ण हवेत आतलं अमोनियम नायट्रेट बिघडून इन्फ्लेटर, म्हणजे पिशवीत गॅस भरणारा धातूचा डबा, फुटायचा आणि धातूचे तुकडे अंगात घुसायचे.

डुप्लिकेट एअरबॅगचा मुद्दा आपल्या भागाला जास्त लागू. रात्री बिनरिफ्लेक्टरच्या उसाच्या डबल ट्रॉलीखाली कार घुसते, बॉनेट काचेपर्यंत सोलून निघतं आणि एअरबॅग तशीच. ट्रॉलीचा सांगाडा बंपर आणि पुढच्या चॅसीच्या वरून जातो. चेचतो तो बॉनेटचा मऊ पत्रा, त्यामुळे युनिटपर्यंत झटका हळूहळू पोहोचतो. पत्रा किती चेपला यावरून आत किती जोर बसला हे सांगता येत नाही. त्यात पुढे लोखंडी गार्ड लावला असेल तर सेन्सरला मिळणारा धक्काच बदलतो. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये असे गार्ड बेकायदा ठरवले, तरी ते सर्रास दिसतात.

बेल्टचं तर मेसेजने पार उलटंच केलंय. बहुतेक गाड्यांत बेल्ट नसला तरी एअरबॅग उघडते. काही गाड्यांत तर बेल्ट न लावलेल्यासाठी ती आणखी कमी धक्क्यावर, म्हणजे भिंतीवर ताशी १६ ते १९ किलोमीटरच्या आसपास उघडते आणि बेल्ट लावलेल्यासाठी पंचविसाच्या आसपास. पण ती पिशवी ताशी ३०० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने बाहेर येते. बेल्ट नसलेला माणूस ब्रेक लागतानाच पुढे सरकलेला असतो, म्हणजे ती फुगत असताना तो तिला चिकटलेला असतो. पुढच्या सीटवर मांडीत बाळ घेऊन बसणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपतीही एअरबॅगच्या झाकणावरून बाजूला घ्या, देव रागावणार नाही.

आता फ्यूज. धडकेत बेल्ट क्षणात आवळून धरणारे प्रीटेन्शनर त्याच युनिटच्या हुकमावर चालतात. फ्यूज काढला की तेही गेले, डॅशवर लाल दिवा जळत राहिला, आणि विम्याच्या क्लेमच्या वेळी सर्व्हेअरला प्रश्न विचारायला कारण मिळालं. सरकारने जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची केली, नंतर शेजारच्या सीटची. ती फ्यूज ओढून बंद करायचा सल्ला देणाऱ्याने खाली स्वतःचं नाव तरी लिहावं.

एअरबॅग खरंच चुकीने उघडली असं वाटत असेल, तर भांडायचा रस्ता आहे. बऱ्याच गाड्यांचं युनिट धडकेच्या वेळचा वेग, झटका आणि बेल्ट लावला होता की नाही याची नोंद ठेवतं. दुरुस्तीत युनिट बदलतात आणि जुनं भंगारात जातं. त्याआधी त्याचं स्कॅन करून नोंदीची प्रिंट मागा, तीही लेखी अर्ज देऊन.