पंधराव्या वर्षीचा चोर पन्नाशीतही चोरच?

परवा गोव्यातल्या आमच्या साखळी गावात दोन शाळकरी पोरं दुचाकी चोरताना सापडली आणि तोच जुना मजकूर पुन्हा मोबाईलवर फिरू लागला: ‘बाळाचे पाय पाळण्यात दिसतात. पंधराव्या वर्षी चोरी करणारा पन्नाशीतही चोरच. हे रक्तातच असतं. कडक शिक्षा हाच उपाय.’ मी तीस वर्षं हायस्कुलात शिकवलं. असला मजकूर वाचून माणसं पोरांशी कशी वागतात, ते जवळून पाहिलंय. म्हणून लिहितोय.

आधी पाळण्याचं बघू. पन्नाशीतल्या सराईत चोराचं बालपण उकरलं तर तिथे खोड्या, मारामाऱ्या, पळून जाणं बहुतेक वेळा सापडतं. हे खरं आहे. पण उलट बाजूने, पाळण्यातून पुढे पाहत गेलं तर चित्र बदलतं: वाया गेलेली म्हणून ओळखली जाणारी बहुतेक मुलं मोठेपणी गुन्हेगार होत नाहीत. अमेरिकेतल्या संशोधक ली रॉबिन्स यांनी १९६६ मध्येच हे दाखवलं होतं. गुन्ह्यांचं प्रमाण किशोरवयात चढतं, विशी लागेपर्यंत कळसाला पोचतं आणि मग उतरू लागतं. बोस्टनच्या सुधारगृहांतल्या ५०० मुलांची माहिती १९४० च्या सुमारास गोळा व्हायला लागली. पुढे सॅम्पसन आणि लाउब या संशोधकांनी त्यांतल्या माणसांचा माग सत्तरीपर्यंत काढला. वय वाढत गेलं तसे अट्टल म्हणवणारेही थांबत गेले. कुणाला टिकाऊ काम मिळालं, कुणाचा संसार जमला, कुणी सैन्यात गेला. (‘लग्न लावून द्या, सुधारेल’ असा अर्थ कृपा करून काढू नका. लेक ही कुणाचं औषध नसते.)

थोडी मुलं मात्र खरंच थांबत नाहीत, हे मी लपवणार नाही. १९४५ साली जन्मलेल्या आणि अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात वाढलेल्या ९,९४५ मुलांच्या पाहणीत जेमतेम ६ टक्के मुलांच्या नावावर निम्म्याहून जास्त गुन्हे होते. न्यूझीलंडमधल्या संशोधनाच्या आधारे मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये हाच फरक मांडला: काहींचा त्रास अगदी लहानपणी सुरू होतो आणि टिकतो, पण बहुतेकांचा किशोरवयापुरता असतो. मजकूर लिहिणाऱ्याने या मूठभरांचं माप सगळ्यांना लावलंय.

रक्ताचं म्हणाल, तर ब्रिटिशांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कलंक कायद्यातून पुसायला १९५२ उजाडलं, लोकांच्या मनातून तो अजून गेलेला नाही.

आता शिक्षा. इथल्या खाणी बंद झाल्या त्या काळात माझ्या वर्गातल्या एका मुलाने उभ्या ट्रकांच्या बॅटऱ्या काढून विकल्या. वडील खाणीच्या ट्रकवरच होते, घरात पैसा येत नव्हता. दुसऱ्या एका शाळेने त्याला दारातूनच परत पाठवलं, ‘तसली मुलं नकोत’ म्हणून. शेवटी एका गॅरेजवाल्याने त्याला ठेवून घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात गल्ल्याची चावी त्याच्या हातात दिली. मला धडकी भरली होती. आज तो तिशीकडे झुकलाय. चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधताना मी त्याला पाहतो: सुपारीचे घोस, चिबूड, तोरिंगं तो एकेक ताणून बघतो, गाठ पक्की बसल्याशिवाय शिडीवरून उतरत नाही.

पोरांना तुरुंग दाखवून घाबरवण्याचे प्रयोग अमेरिकेत झाले. घाबरवलेल्या मुलांनी न घाबरवलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केले. आपला बाल न्याय कायदाही (२०१५, कलम २४) सांगतो की लहानपणीच्या गुन्ह्यामुळे पुढे कसलीही अपात्रता चिकटू नये. सोळा पूर्ण झालेल्या आणि बाल न्यायालयाने प्रौढासारखा खटला चालवून दोषी ठरवलेल्यांचा तेवढा अपवाद आहे.

शनिवारी पालक-शिक्षक संघाची बैठक आहे. दुचाकी चोरणाऱ्या त्या दोघांना दाखला देऊन काढून टाका, असं काहींचं म्हणणं आहे. त्यांची नावं पटावर राहावीत म्हणून मी तिथे बोलणार आहे. तो गॅरेजातला मुलगाही सोबत येतो म्हणालाय.