शरीर पेरॉक्साइड बनवतं म्हणून ते प्यायचं नसतं

शनिवारी आत्याकडे गेले होते, लोकमान्य नगरला, पाण्यासाठी फ्रीज उघडला तर पाण्याच्या बाटल्यांच्या शेजारी हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली उभी, 35 टक्के, वर लिहिलंय फूड ग्रेड. घरात चार वर्षांचा नातू आहे आणि तो फ्रीज स्वतः उघडतो. हे काय म्हणून विचारलं तर आत्याने फोनच पुढे केला, तोच मेसेज जो महिनाभर आपल्या सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय. आणि वर सांगते की थायरॉईडची गोळी बारा दिवस झाले बंद केलीय, "काहीच झालं नाही गं, उलट हलकं वाटतंय." मी बायोकेमिस्ट्री शिकवते, शरीरात पेरॉक्साइड बनवणारं एन्झाइम दरवर्षी फळ्यावर काढते, आणि माझ्याच घरात हे चाललंय. म्हणून आता एकेक मुद्दा घेते.

मेसेज ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी: शरीर स्वतः हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं, थायरॉईडला हार्मोन बनवायला तेच लागतं, पांढऱ्या पेशी त्यानेच जंतू मारतात, म्हणजे आजार हा त्याच्या कमतरतेमुळे होतो. तर रोज पाण्यात थेंब टाकून प्या, थेंब वाढवत न्या, थायरॉईडची गोळी सुटेल. रक्तात ऑक्सिजन वाढेल, ऑक्सिजनमध्ये कॅन्सर जगत नाही, यावर नोबेल मिळालंय. आणि फूड ग्रेड आहे म्हणजे सेफ आहे.

आता पहिली ओळ खरी आहे, ते मान्य करावंच लागेल. थायरॉईड खरंच पेरॉक्साइड बनवतं. पण कसं बनवतं ते मेसेजवाल्याने वाचलेलं नाही, वाचलं असतं तर पुढचं काहीच लिहिता आलं नसतं. थायरॉईडच्या पेशी गोलाकार बसलेल्या असतात, मधे एक पोकळी, आणि त्या पोकळीकडे तोंड करून पेशीच्या पडद्यात हे एन्झाइम रुतलेलं असतं, नाव ड्युअल ऑक्सिडेज, थोडक्यात ड्यूऑक्स, थायरॉईडमध्ये मुख्य काम ड्यूऑक्स-2 चं. पेशीच्या आतल्या एनएडीपीएच या इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या रेणूकडून ते इलेक्ट्रॉन घेतं, एफएडी या दुसऱ्या रेणूकडे देतं, तिथून पडद्यातल्या दोन हीमवरून (लोह असलेले भाग) पलीकडे नेतं आणि बाहेरच्या ऑक्सिजनला देतं. म्हणजे पेरॉक्साइड तयार होतं ते पेशीच्या बाहेर, पोकळीत. तिथेच थायरॉईड पेरॉक्सिडेज ते लगेच वापरून आयोडीन थायरोग्लोब्युलिनला, म्हणजे ज्यातून हार्मोन बनतं त्या प्रोटीनला, जोडतं. जे काही आत शिरतं ते फोडून टाकायला कॅटालेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज असे राखणदार बसवलेले आहेत, कारण ते पेशीलाच जाळतं.

आणि हे एन्झाइम सतत चालूही नसतं. 2021 मध्ये नेचर कम्युनिकेशन्स या विज्ञान नियतकालिकात माणसाच्या ड्यूऑक्स-1 ची, म्हणजे याच्याच सख्ख्या भावाची, रचना क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने काढून छापलीय, कॅल्शियम कमी असताना आणि जास्त असताना, दोन्ही. ड्यूऑक्सचे दोन तुकडे आणि त्याच्या जोडीदार प्रोटीनचे, ड्यूऑक्सए-1 चे दोन, असा चौघांचा संच असतो. हा जोडीदार नसेल तर ड्यूऑक्स पेशीच्या पडद्यापर्यंत धड पोचतच नाही. आतल्या बाजूला ईएफ-हँड नावाचे भाग आहेत, त्यांना कॅल्शियम चिकटलं की इलेक्ट्रॉन देणारा डिहायड्रोजनेज भाग नीट जागेवर स्थिर होतो, आणि त्यामुळेच एन्झाइम जोरात चालत असणार असं तो पेपर लिहिणारे म्हणतात. म्हणजे जागा ठरलेली, वेळ ठरलेली, जोडीदार ठरलेला आणि वर कॅल्शियमचं कुलूप. एवढा बंदोबस्त ज्या पदार्थासाठी शरीराने केलाय तो आपण ग्लासात ओतून प्यायचा? पोटात हायड्रोक्लोरिक ॲसिडही बनतं, ते कुणी बाहेरून पितं का?

ज्यांना अजूनही "कमतरता भरून काढायची" असं वाटतंय त्यांनी हे वाचा. थायरॉईडमध्ये पेरॉक्साइड खरोखर कमी पडतं असे लोक आहेत. ड्यूऑक्स-2 च्या जीनमध्ये दोष असलेली बाळं, 2002 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्यांच्यावर पेपर आला. त्यांना काय देतात? पेरॉक्साइडचा एक थेंबही नाही. थायरॉक्सिन देतात, तीच गोळी जी आत्याने बंद केली! कारण प्यायलेलं पेरॉक्साइड त्या पोकळीपर्यंत जाऊच शकत नाही, वाटेतच कॅटालेज त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. आणि आत्याचा तर तो आजारही नाही, तिच्या रिपोर्टमध्ये अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉईड पेरॉक्सिडेजविरुद्धच्या अँटीबॉडी, वाढलेलं आहे, हाशिमोटो आहे, म्हणजे शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करतंय.

बारा दिवस काही झालं नाही, यात थेंबांची काहीही करामत नाही. थायरॉक्सिनचं हाफ लाइफ, म्हणजे शरीरातला साठा निम्मा व्हायला लागणारा वेळ, साधारण 7 दिवसांचं असतं, जुन्या गोळ्यांचा साठा अजून संपलेला नाही, एवढंच. थकवा, सूज, थंडी वाजणं हे सगळं नंतर येतं, आणि तोवर माणूस मेसेज पुढे दहा जणांना पाठवून मोकळा झालेला असतो.

पांढऱ्या पेशींचं बरोबर आहे, न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी जंतूला पोटात घेऊन मारते त्यात पेरॉक्साइडचा हात असतो, पण ते बंद पिशवीत, नॉक्स-2 नावाच्या दुसऱ्या एन्झाइममुळे. ग्लासातल्या पाण्याशी त्याचा संबंध नाही.

ऑक्सिजनचा हिशोब करून बघा. 35 टक्क्यांचे दहा थेंब म्हणजे अर्धा मिली, त्यातून फार तर 65 मिली ऑक्सिजन सुटतो. नुसता बसलेला माणूस मिनिटाला साधारण 250 मिली वापरतो. म्हणजे पंधरा-सोळा सेकंदांचा ऑक्सिजन, तोही फुफ्फुसात नाही, पोटात. पण तेच पातळ न करता एक घोट गेला तर घसा आणि पोट भाजतं, गॅसचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात, माणसं मेली आहेत याने. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, 2006 मध्येच जाहीर सांगितलं होतं की हे 35 टक्केवालं पिऊ नका. आणि आमच्या घरी ते पाण्याच्या बाटलीशेजारी, मुलाच्या हाताच्या उंचीवर!

फूड ग्रेड म्हणजे खाण्याच्या वस्तूंच्या कामात वापरता येईल इतपत शुद्ध, दुधा-ज्यूसची पाकिटं भरण्याआधी निर्जंतुक करायला वापरतात ते. पिण्याजोगं असा त्याचा अर्थ नाही. नोबेलचं म्हणाल तर ओट्टो वारबुर्ग या शास्त्रज्ञाला 1931 चं नोबेल मिळालं ते श्वसनाच्या एन्झाइमच्या शोधासाठी, ऑक्सिजनने कॅन्सर बरा होतो म्हणून नाही.

ज्यांच्या घरी ही बाटली असेल त्यांनी ती आजच मुलांच्या हाताला लागणार नाही अशी कुलपात ठेवा. कुणी चुकून प्यायलं तर उलटी करवू नका, बाटली सोबत घेऊन सरळ हॉस्पिटलला जा. आत्याने डॉक्टरांना फोन करून कालपासून गोळी परत सुरू केलीय, रिकाम्या पोटी, पोहे-चहा गोळीच्या नंतर, आणि सहा आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करायला मी तिच्यासोबत जाणार आहे.