मिस्टर बीनचा फॉरवर्ड आणि आमचे काका

मिस्टर बीन करणारा ब्रिटिश विनोदी नट रोवन ॲटकिन्सन गरीब घरातला, तोतरा, शाळेत चिडवलेला. टीव्हीवाल्यांनी वर्षानुवर्षं हाकललं, मग त्याने न बोलणारा मिस्टर बीन काढला आणि जिद्दीने तोतरेपणावर मात करून गडगंज झाला. हा फॉरवर्ड परवा घरच्या ग्रुपवर परत आला. एरवी मी न वाचता उडवते. पण काकांनी ताईला टॅग करून लिहिलं, ‘दाखव त्याला, शिकेल काहीतरी.’ ‘तो’ म्हणजे माझा अकरा वर्षांचा भाचा. बोलताना अडखळतो.

वर्षानुवर्षं म्हणे! ॲटकिन्सन १९५५चा. न्यूकॅसलला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, ऑक्सफर्डला एमएस्सी. १९७९ साली बीबीसी रेडिओ ३ वर ‘द ॲटकिन्सन पीपल’, त्याच वर्षी बीबीसी २ वर ‘नॉट द नाइन ओ’क्लॉक न्यूज’. वय २४. एवढे नकार खाल्ले कधी?

तोतरेपणामुळे बीन मुका, ही तर हद्दच झाली. बीन टीव्हीवर आला १ जानेवारी १९९०ला. त्याआधी १९८३ ते १९८९ ‘ब्लॅकॲडर’ या विनोदी मालिकेत हाच माणूस तोंडाने समोरच्याची सालटी काढत होता. आणि रेडिओवर काय नुसती तोंडं वेडीवाकडी करून भागलं? बीनचं गप्प राहणं ठरवून केलेलं. १९८७मध्ये माँट्रियलच्या विनोद महोत्सवात तो हट्टाने फ्रेंच कार्यक्रमात उभा राहिला, आपली भाषा न बोलणारे हसतात का हे बघायला.

अडखळणं मात्र खरं, तेवढं मान्य. २००७ साली ‘टाइम’ला त्यानेच सांगितलं, की दुसऱ्या कुणाची भूमिका करताना ते नाहीसं होतं, आणि आपण या पेशात आलो त्यामागे कदाचित हेही असेल. भूमिकेत नाहीसं होतं, काका! मात कुठे लिहिलीय यात? ‘ब्लॅकॲडर’मध्ये तो ‘बॉब’ हे नाव कसं म्हणतो ते ऐका. ‘ब’ असा फोडतो की लोक हसतात. अवघड अक्षरं जास्तच ठासून म्हणणं ही त्याची अडखळण्यातून काढलेली वाट आहे.

माझा राग त्या ‘जिद्दी’वर आहे. अडखळण्यामागे मेंदूची घडण असते, पुष्कळदा आनुवंशिकताही. भाचा शाळेत प्रार्थना सगळ्यांबरोबर खणखणीत म्हणतो आणि हजेरीला ‘उपस्थित’ म्हणताना अडकतो. अनेकांचं असंच होतं. काकांचा निष्कर्ष: ‘म्हणजे मनावर घेत नाही!’ आता वर मिस्टर बीनही त्याच्या डोक्यावर बसवायचा. त्यापेक्षा वाचा-उपचार तज्ज्ञाकडे न्या. वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, सरकारी आहे. आणि जेवताना त्याची वाक्यं तुम्ही पुरी करू नका.

बाकी किरकोळ. गरिबी? वडील शेतीवाडीवाले, शिवाय कंपनीचे संचालक. पोरगा डरहॅमच्या कोरिस्टर स्कूलमध्ये, जिथे टोनी ब्लेअरही शिकला. शाळेत चिडवत असतील, कुठल्या शाळेत चिडवत नाहीत? संपत्तीचा आकडा दर फॉरवर्डला बदलतो. आणि याच ग्रुपवर मागे त्याला भावपूर्ण श्रद्धांजलीही वाहून झालीय, हात जोडलेल्या इमोजीसकट. माणूस जिवंत आहे.