जहाज गेलं, सायकली दिसल्या

अडीचशे किलोमीटर गाडी हाकत जहाज बघायला जावं, ऐन वेळी आपल्यापुढे घराएवढा कॅम्पर येऊन उभा राहावा, त्याच्या पाठीला दोन सायकली आणि एक शेगडी बांधलेली असावी, आणि दोनशे मीटर लांबीचं जहाज त्या शेगडीमागून निघून जावं, याला काय म्हणायचं? अमेरिकेतल्या डुलुथ गावात याला शब्द आहे. ‘ब्रिज्ड’. म्हणजे पूल वर गेला आणि तुम्ही अडकलात. गावात उशिरा पोचायला ही सबब चालते. मोरी तुंबल्यामुळे उशीर झाला असं आपल्याकडे सांगून बघा.

मिनियापोलिसहून उत्तरेला गेलं की लेक सुपीरियरच्या पश्चिम टोकाला हे बंदर लागतं. अर्धं मिनेसोटातल्या डुलुथमध्ये, अर्धं पलीकडे विस्कॉन्सिनातल्या सुपीरियर गावात. अटलांटिक इथून ३,७०० किलोमीटरवर, तरी समुद्रातली जहाजं गहू न्यायला येतात. बंदराच्या तोंडावर कालवा, कालव्यावर एरियल लिफ्ट ब्रिज आणि पुलापलीकडे पार्क पॉइंट नावाची वाळूची लांबलचक पट्टी. त्या पट्टीवर जायला रस्ता एकच, तो या पुलावरून. आम्ही ‘जरा वाळूत पाय बुडवून येऊ’ म्हणून पलीकडे गेलो. हीच चूक. जहाज बघायचं असेल तर कालव्याच्या गावाकडच्या बाजूला, कॅनाल पार्कात, पायी उभं राहायचं. तिथे जहाज इतकं जवळून जातं की डेकवरचा खलाशी हात हलवतो. आणि मुख्य म्हणजे तिथल्या सागरी संग्रहालयात प्रवेश फुकट असून आत स्वच्छतागृह आहे. ते आमच्यापासून फार तर तीनशे मीटरवर होतं. मध्ये पाणी होतं. मी सकाळपासून दोन मोठे कप कॉफी प्यायलो होतो.

घंटा वाजली, फाटक पडलं, आम्ही थांबलो. मागच्या गाडीचं दार उघडलं. एक सत्तरीचे गृहस्थ उतरले, डिकीतून घडीची खुर्ची काढली, माझ्या खिडकीशेजारी रस्त्यातच मांडली, थर्मासमधून कॉफी ओतली (कॉफी!) आणि म्हणाले, “पहिलीच वेळ?”

“कशावरून?”

“इंजिन चालू ठेवलंय तुम्ही.”

मी इंजिन बंद केलं. गृहस्थ खुलले.

“१९०५ साली बांधला तेव्हा हा पूल उचलायचा नव्हताच,” ते म्हणाले. “वरच्या सांगाड्याला एक पाळणा टांगलेला होता. त्यात माणसं, घोडे, गाड्या भरायच्या आणि इकडून तिकडे न्यायचं. १९२९-३० मध्ये त्याचा उचलता पूल केला. रस्त्याचा तुकडा जवळपास हजार टनांचा, पण दोन्ही बाजूंना मिळून तितक्याच भाराची काँक्रीटची वजनं टांगलेली आहेत. तराजूचं दुसरं पारडं समजा. मोटारींना फक्त घर्षणाशी झगडायचंय. १३५ फूट वर जातो.”

“मग इतका वेळ का लागतो?”

“पुलाला नाही लागत, जहाजाला लागतो. कालवा ९१ मीटर रुंद, समुद्रातून येणारं जहाज जास्तीत जास्त पावणेचोवीस. तुम्हाला वाटेल, केवढी जागा! पण वारा सरोवराचं पाणी एका काठाला लोटतो, ते हेलकावा घेऊन परत येतं आणि कालव्यात कधी आत, कधी बाहेर ओढ लागते. एवढ्या वजनाला ब्रेक नाही. एकदा रोख धरला की धरला. म्हणून ते पोचायच्या बरंच आधी पूल वर हवा. शिडाच्या होड्यांना उन्हाळ्यात अर्ध्या-अर्ध्या तासाची वेळ पाळावी लागते. जहाज येईल तेव्हा येतं.”

इतक्यात भोंगा झाला. छातीत घुमणारा. पुलाने उलट भोंगा देऊन उत्तर दिलं. कॅनाल पार्कातून टाळ्या ऐकू आल्या. मी मान उजवीकडे केली, सायकल. डावीकडे केली, दुसरी सायकल. मधल्या फटीतून शेगडीचं झाकण.

“सॉल्टी आहे,” गृहस्थ म्हणाले. समुद्रातलं जहाज ते सॉल्टी, सरोवरातच जन्म काढणारं ते लेकर. “रिकामं येतंय. बघा किती उंच तरंगतंय.”

“तुम्हाला दिसतंय?”

“ॲपवर,” ते म्हणाले. एवढा वेळ त्यांनी मान वर केलीच नव्हती.

मग त्यांनी मला, न बघितलेल्या जहाजाचं पुढे काय होणार, ते सांगितलं. आता ते धक्क्याला लागेल, पण धान्य लगेच मिळणार नाही. आधी तपासनीस शिडीने पोटातल्या खणांत उतरतो. मागच्या मालाचे दाणे, सुटलेला गंज, रंगाचे पोपडे, ओल, किडे, वास, यातलं काहीही सापडलं की नापास. खलाशांनी पुन्हा खरवडायचं, धुवायचं, वाळवायचं. तोवर जहाजाचा रोजचा खर्च चालूच. इथे मागच्या सीटवरून बायको पहिल्यांदा बोलली, “आई वर्षाचा गहू भरताना डब्याचं हेच करायच्या.” उन्हात वाळवायचा, आत डोकं घालून हुंगायचा, मग एरंडेल चोळलेले गहू आणि कडुनिंबाचा पाला. फक्त आमच्याकडे नापास झालं की खरवडायला मी.

भरायची रीतही साधी. ते बिनखिडक्यांचे काँक्रीटचे उंच कोठार म्हणजे एलेव्हेटर. (लिफ्ट नव्हे. आत पर्यटकांना सोडत नाहीत. धान्याची हवेत उडालेली धूळ ठिणगीने स्फोट करते.) पट्ट्याला लावलेल्या डब्यांतून गहू माथ्यावर चढवतात, तोलतात आणि नळ्यांतून आपल्याच वजनाने खाली जहाजात सोडतात. पाऊस आला की झाकणं बंद, काम बंद. भिजलेला गहू काही आठवड्यांच्या प्रवासात तापतो, बुरसतो. म्हणून सरोवरात नांगर टाकून दिवसचे दिवस बसलेली जहाजं दिसतात. पुढचं जहाज धक्का सोडत नाही, वर ढग. डॉक्टरच्या बाहेरच्या बाकासारखं.

“आणि जहाज पूर्ण भरत नाहीत बरं का!” गृहस्थ पुढे म्हणाले. “अटलांटिकपर्यंत सोळा लॉक आहेत, म्हणजे जहाजाला पाण्यासकट वर-खाली करणारे हौद. सीवेच्या, म्हणजे समुद्र आणि सरोवरं जोडणाऱ्या जलमार्गाच्या, लॉकमध्ये सव्वाआठ मीटरसुद्धा बुडून चालत नाही, ८.०८ मीटर ही हद्द. वीस हजार टन, म्हणजे दोनशे मालवाघिणी गहू घेऊन अर्धपोटी निघायचं आणि खाली सेंट लॉरेन्सच्या खोल बंदरात उरलेलं पोट भरायचं.”

मला ‘भरलेलं’, ‘पोट’, ‘ओल’ हे शब्द त्या क्षणी नको होते.

“तुमच्याकडे गहू खातात?” त्यांनी विचारलं. बायकोने चपाती सांगितली. “मग ड्युरम तुम्हाला माहीत असेल. इथून इटलीला पास्त्यासाठी जातो.” माहीत आहे हो. आमचा बन्सी, खपली त्याच घराण्यातले. “१९५९ मध्ये सीवे उघडला तेव्हापासून आम्ही सगळ्या जगाला खाऊ घालतोय,” ते म्हणाले, आणि माझं डोकं जरा तापलं. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली ती लाल मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली, त्यांचे चेहरे आठवा. तिचा या गव्हाशी संबंध नाही, गृहस्थांशी तर नाहीच. पण ‘खाऊ घालतोय’ म्हणजे काय? विकताय ना? बुशेलला, म्हणजे सव्वासत्तावीस किलोला, मोजून भाव घेताय. मी हे सगळं म्हणालो नाही. माझी परिस्थिती नाजूक होती.

पूल खाली आला. गृहस्थांनी खुर्ची मिटली. “एंगर टॉवरवर जा,” ते म्हणाले, “टेकडीवर आहे, तिथून सगळे एलेव्हेटर दिसतात. आणि जाकीट घाला. जुलैतसुद्धा सरोवराचा वारा सोडत नाही.” एवढं उपयोगी वाक्य शेवटी!

बायकोने मागून सगळा व्हिडिओ काढला होता. अठरा मिनिटं. रात्री तो घरच्या ग्रुपवर टाकला, ‘जहाज’ असं लिहून. पहिलं उत्तर नाशिकच्या आत्याचं आलं.

“सायकली छान आहेत. केवढ्याला पडल्या?”