‘ॲपल लॉगिन’ सगळ्यांना सक्तीचं? नाही हो!

नाशिकच्या आमच्या ॲपवाल्यांच्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय: ‘आयफोनच्या प्रत्येक ॲपमध्ये ॲपलचं लॉगिन हवंच, नाहीतर ॲप काढून टाकणार.’ पिंपळगावच्या द्राक्ष बागायतदारांसाठी ॲप बनवणाऱ्या मित्राने तर घाबरून रात्री साडेअकराला फोन केला.

त्याच्या ॲपमध्ये मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी येतो, संपलं. म्हणजे लॉगिनची सोय ॲपची स्वतःचीच, बाहेरच्या कुणाची नाही. अशा ॲपला हा नियम लागूच होत नाही.

नियम आहे ॲपलच्या ॲप स्टोअरच्या नियमावलीतला, ४.८ क्रमांकाचा. मुख्य खात्यासाठी गूगल, फेसबुक अशा बाहेरच्या कंपनीचं लॉगिन ठेवलंत, तरच तो लागतो. मग सोबत आणखी एक पर्याय द्यायचा: जो फक्त नाव आणि ईमेल घेईल, ईमेल लपवू देईल आणि संमतीशिवाय जाहिरातींसाठी माणसाच्या मागावर राहणार नाही. २०१९ मध्ये नियम आला तेव्हा तिथे ॲपलचंच लॉगिन लागायचं. मेसेज बहुधा तेव्हाचाच, कुणीतरी तारीख खोडून फॉरवर्ड केलेला. जानेवारी २०२४ पासून या अटी पाळणारी दुसरी सेवाही चालते. शाळा किंवा कंपनीने दिलेल्या खात्यावरच चालणाऱ्या ॲपला आणि सरकारी ओळखपत्रावरच्या लॉगिनलाही सूट आहे.

मित्राला मी उलटंच विचारलं, “खातं डिलीट करायचं बटण आहे का रे?” नव्हतं. ॲपमध्ये खातं उघडता येत असेल तर ते तिथूनच काढताही यायला हवं, ही अट ३० जून २०२२ पासून आहे आणि ती ओटीपीवाल्यांनाही लागू आहे.