बकासुर कोणाला म्हणायचं?

आज भावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. घरी येऊन दोन तास झाले तरी डोकं तापलेलंच आहे, म्हणून लिहायला बसले.

शेवटच्या पंगतीला केटररकडची पोरं बसली. सकाळी सहापासून राबत होती, त्यांचं जेवण साडेतीनला. त्यातला एक सतरा-अठरा वर्षांचा. मान खाली घालून पुरणपोळी दुधात कुस्करून खात होता. त्यानं पाचवी पोळी मागितली आणि विडा चघळत खुर्चीत रेललेल्या आमच्या एका पाहुण्यांनी तिथूनच आवाज दिला, "बकासुर आहे का काय रे हा!" सगळे हसले. पोराचा हात थांबला. अर्धी पोळी तशीच टाकून, पत्रावळ दुमडून तो उठला.

एखाद्याला भरल्या पानावरून उठवणं आपल्याकडे पाप मानतात ना? की ते फक्त सोयऱ्याधायऱ्यांपुरतं?

लहानपणी बार्शीकडे आमच्याकडे एक सालगडी होते. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. शाळूची काढणी म्हणजे ज्वारीचं ताट मुळासकट उपटायचं, तळहात सोलून निघतात. दुपारी आजी आणि मी भाकरी घेऊन जायचो. तात्या बांधावर आमच्याकडे पाठ करून बसायचे, बुक्कीनं कांदा फोडायचे आणि ठेच्याबरोबर सहा भाकरी खायचे. सहा. माझे काका त्यांना बकासुर म्हणायचे. मी सात वर्षांची. मला तो शब्द भारी वाटला आणि एक दिवस मी बांधावर उड्या मारत ओरडले, "बकासुर आला, बकासुर आला!" तात्या हसले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनच भाकऱ्या घेतल्या आणि उरलेल्या चार फडक्यात बांधून आजीच्या हातात परत दिल्या.

बकासुराची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे, पण नीट ऐकलेली नाही. लाक्षागृहातून वाचल्यावर पांडव एकचक्रा नगरीत लपून राहत होते, भिक्षा मागून जगत होते. गावाबाहेर बकासुर. त्याला पाळीपाळीनं गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन येणारा माणूस द्यायचा. ज्या घरात पांडव उतरले होते त्या घराची पाळी आली. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, लेक म्हणते मी. आणि धड बोलताही न येणारं त्यांचं पोरगं गवताची काडी उचलून म्हणतं, हिनं मी राक्षसाला मारतो. इतक्या वर्षांनीही हे वाचताना माझा घसा दाटतो.

बरं, त्याला मारायला गेला कोण? भीम! भिक्षेतला अर्धा वाटा एकट्या भीमाचा असायचा, उरलेल्या अर्ध्यात आई आणि चार भाऊ. त्याचं नावच वृकोदर, लांडग्याच्या पोटाचा. म्हणजे भरपूर खाणारे दोघंही. पण त्या अर्ध्या वाट्यावरून कुंतीनं भीमाला टोमणा मारल्याचं कुठं वाचलंय का तुम्ही? ज्याच्या अंगावर सगळ्यांचं ओझं, त्याच्या पानात जास्त पडणार, एवढं त्या माउलीला कळत होतं. माझ्या आजीलाही कळत होतं.

बकासुर राक्षस ठरला तो दहशत घालून दुसऱ्याच्या ताटातलं आणि दुसऱ्याचं लेकरू खाल्लं म्हणून. बक म्हणजे बगळा. एका पायावर ध्यान लावून मासा टिपणारा. आजूबाजूला बघा, असे बगळे कमी आहेत? रस्ता खातात, धरणाचं सिमेंट खातात, पोरांच्या पोषण आहारातले तांदूळ खातात. त्यांना कुणी बकासुर म्हणत नाही, "साहेब, थोडं घ्या ना" म्हणून आग्रह करतात!

आणि आपल्या घरातला माणूस भरपूर जेवला की तो खवय्या. पैजेवर जिलब्या संपवणाऱ्या आजोबांचे किस्से आज त्याच मांडवात कौतुकानं सांगत होते. खवय्या काय नि खादाड काय, दोन्ही शब्द खाण्यातूनच आले. पण एक मिरवायला आणि दुसरा कुणाच्या तरी थोबाडीत मारायला. घरातली सून दुसऱ्यांदा भात घेईल तर तिच्यासाठी हावरट आहेच. खाऊनही अंगी न लागणाऱ्या पोराला भस्म्या म्हणून मोकळे होतो. अरे, भस्मक हा आयुर्वेदात रोग आहे, पोटातला अग्नी भडकण्याचा. आजाऱ्याला वैद्याकडे न्यायचं की चिडवायचं?

हो, बुफेत ताट शीग लावून निम्मं टाकणारे असतात. त्यांना बोला. त्यांची बाजू मी घेत नाही.

तात्यांच्या त्या चार भाकऱ्या आजीनं घरी आणल्या नाहीत. बांधावरच उभी राहिली. म्हणाली, "तात्या, पोरगी अजाण आहे. तुमी जेवल्याबिगर मी हितनं हलत न्हाई." त्यांनी फडकं सोडलं. मग मला म्हणाली, "पानी वाढ त्यास्नी." मी तांब्या घेऊन पुढं गेले तेव्हा ते पहिल्यांदा आमच्याकडे तोंड करून जेवत होते. मला वर बघायचं धाडस झालं नाही. माझ्या डोळ्यांपुढे आजही त्यांचे हातच आहेत, चिरांत माती बसलेले.

भीम ते गाडाभर अन्न स्वतःच खात बसला तेव्हा बकासुरानं मागून येऊन त्याच्या पाठीत दोन्ही हातांनी तडाखे घातले. भीमानं मान वळवून बघितलंसुद्धा नाही, जेवत राहिला. सगळं संपवलं, हात धुतले, मग उठला. आजच्या पोराला तसं बसून राहता आलं नाही. त्याची मजुरी त्याच मांडवात होती.

मी त्याला शोधायला मागं गेले. टेम्पोत पातेली चढवत होता. म्हटलं, "बाळा, चल, जेवून घे." म्हणाला, "झालं मावशी, पोट भरलं."

उद्या राहिलेल्या खुर्च्या न्यायला तोच टेम्पो येणार आहे. वहिनीला फोन करून सांगितलंय, वीस पोळ्या बाजूला काढून ठेव, मी सकाळी येतेय.